संभाजी महाराजांचा जन्म गुरुवारचा की सोमवारचा?

प्रश्न : आमच्या शहराला ज्यांचे नाव आहे, त्या छत्रपती संभाजी महाराजांचा जन्म 14 मे 1657 रोजी गुरुवारी झाला, असे वाचले. फोनच्या कॅलेंडरमध्ये ही तारीख काढली तर सोमवार येतो. खरे काय?
– एक वाचक, औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : वार गुरुवारच. जेधे शकावली या जुन्या नोंदवहीत शके 1579, ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, गुरुवार अशी नोंद आहे. तारीखही बरोबर आहे आणि फोनचे गणितही. फरक आहे तो दिनदर्शिकेचा.

जुन्या, म्हणजे ज्यूलियन दिनदर्शिकेत दर चौथे वर्ष लीप असल्यामुळे ती शतकानुशतके ऋतूंच्या मागे पडत गेली. पोप तेरावे ग्रेगरी यांनी 1582 मध्ये 4 ऑक्टोबरनंतर थेट 15 ऑक्टोबर आणला. दहा तारखा गेल्या, पण वारांचा क्रम मोडला नाही : गुरुवारनंतर शुक्रवारच आला. पोर्तुगालने हा बदल लगेच स्वीकारला, इंग्लंडने 1752 पर्यंत नाही. त्यामुळे शिवकाळात पोर्तुगीज कागदांवरची तारीख सुरतेच्या इंग्रज वखारीतल्या तारखेपेक्षा दहा दिवस पुढे असे. आपल्या इतिहासकारांनी त्या काळासाठी बहुधा इंग्रजांची जुनी पद्धत धरली. फोन मात्र 1657 लाही नवी पद्धत लावतो.

म्हणून जुन्या तारखेत दहा दिवस मिळवा आणि 24 मे 1657 चा वार पाहा : गुरुवार. शिवाजी महाराजांच्या जन्माची 19 फेब्रुवारी 1630 ही तारीखही अशीच तपासता येते. फोन मंगळवार सांगतो. दहा दिवस पुढे, 1 मार्चला, शकावलीतला शुक्रवार मिळतो. कागदावर गणित करायचे असेल, तर नव्या पद्धतीच्या 400 वर्षांत 1,46,097 दिवस, म्हणजे बरोबर 20,871 आठवडे असतात. 1657 चे वार 2057 मध्ये जसेच्या तसे येणार.

पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो, हेही ध्यानात ठेवावे लागते. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाची तारीख 6 जून 1674, शनिवार. शकावलीत मात्र शुक्रवार आहे, कारण महाराज सिंहासनावर बसले तेव्हा तीन घटका, म्हणजे सुमारे सव्वा तास, रात्र उरली होती. मध्यरात्र उलटली म्हणून तारखेने शनिवार, सूर्य उगवला नव्हता म्हणून पंचांगाने शुक्रवार. एकच क्षण, दोन वार, आणि दोन्ही खरे.

आपल्या जुन्या नोंदी करणारे तिथीसोबत वारही लिहीत, याचे मला फार मोल वाटते. तिथी किंवा तारीख उतरवताना चूक झाली, की वार ती उघडी पाडतो. खुलदाबादला ज्याची कबर आहे त्या औरंगजेबाचेच पाहा. त्याचा मृत्यू 28 जिल्काद 1118, शुक्रवारी झाला, असे ‘मआसिर-इ-आलमगीरी’ हा त्याच्या कारकिर्दीचा इतिहास सांगतो. अनेक पुस्तकांत त्यासाठी 20 फेब्रुवारी 1707 येते, काहींत 3 मार्च. या दोन तारखा म्हणजे जुन्या-नव्या पद्धतीने एकच दिवस (1700 च्या फेब्रुवारीनंतर फरक अकरा दिवसांचा होतो), आणि तो दिवस आहे गुरुवार! हिजरी महिना चंद्रदर्शनाने सुरू होतो, तारखा बदलून देणारी कोष्टके ठरावीक हिशोबाने चालतात. एका दिवसाचे अंतर सहज पडते. अशा वेळी मी वार प्रमाण मानतो, कारण मशिदीत जुम्म्याची नमाज कधी झाली याबद्दल औरंगजेबाच्या छावणीत कोणाचा घोळ होणे अवघड. तेव्हा जुन्या पद्धतीने 21 फेब्रुवारी, नव्या पद्धतीने 4 मार्च.

इंग्रजांनी 1752 च्या सप्टेंबरात बदल केला. त्यानंतरच्या तारखा फोनमध्ये थेट टाका. पानिपतची 14 जानेवारी 1761 ही तारीख बुधवार दाखवील, आणि तो बुधवारच होता.