शाळेची गळती

पावसाळ्याआधी आपण घर शाकारतो. फुटकी कौले बदलतो. पाणी घरात शिरल्यावर छपरावर कोण चढतो? शाळेचेही तसेच आहे. मुले मधेच शाळा सोडतात, त्यालाही गळतीच म्हणतात. तीही आधीच थांबवावी लागते.

आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत काढली. मूल एका दिवसात शाळा सोडत नाही. आधी ते मागे जाऊन बसते. वाचायची पाळी आली की मान खाली घालते. मग खाडे सुरू होतात. अशा मुलाला 'ढ' म्हणून आम्ही मोकळे होत असू. ती आमची चूक होती. ती काही मुलांना फार महाग पडली.

मदतीच्या तीन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी सर्वांसाठी. नीट शिकवणे, मायेने बोलणे, रोज हजेरी पाहणे. बहुतेक मुलांना एवढे पुरते.

दुसरी पायरी काही मुलांसाठी. भिवंडीत मागावर काम करायला गावोगावची माणसे येतात. घरी एक बोली, शाळेत दुसरी. मूल मागे पडते. अशा चार-पाच मुलांना रोज थोडा वेळ वेगळे शिकवावे. महिन्याने फरक पाहावा.

तिसरी पायरी एखाद्याच मुलासाठी. त्याला ऐकू कमी येत असेल. घरी काही दुःख असेल. तिथे गुरुजींनी घरी जावे. लागेल तर डॉक्टरला दाखवावे.

मुलाला शाळेपर्यंत येता येत नसेल तर? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले. पाड्यावरची मुले बालवाडीत येईनात. बाईंनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी! पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणावर शाळा भरवली. तिला कुरणशाळा म्हणत.

आता आपले काम. पोर गप्प झाले, हे आईबापांना आधी कळते. त्याला मारू नका. गुरुजींना जाऊन सांगा. वीटभट्टीवर जाताना पोराला बरोबर न्यावे लागले, तर तिथल्या शाळेत नाव घाला. २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलांना सरकारी शाळेत फी नाही. वर्षाच्या मधे गेलात, दाखला हाती नसला, तरी शाळेला नाही म्हणता येत नाही.

विचार करा :
१. आपल्या आळीतले कोणते मूल हल्ली शाळेत दिसत नाही?
२. त्याच्या घरी आज कोण जाईल?