आधी सूचना वाचा, मग शाखा निवडा

दहावीच्या पालकसभेत पहिला प्रश्न ठरलेला असतो: सायन्स की कॉमर्स? संगमनेरचं ज्ञानमाता विद्यालय असो, नगरचं सेक्रेड हार्ट कॉन्व्हेंट असो की श्रीरामपूरकडची एखादी मिशनची शाळा. शाळेकडून दर आठवड्याला येणारी सूचना मात्र ‘फी आणि गणवेशाचं असेल’ म्हणून तशीच राहते. माझं मत स्पष्ट आहे: शाखा चुकल्याने मुलं जितकी अडतात, त्याहून जास्त कागद आणि तारीख चुकल्याने अडतात.

नावाचंच घ्या. ख्रिस्ती घरांत बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव, जन्मदाखल्यावर दुसरं आणि आधारवर तिसरंच स्पेलिंग, हे काही नवीन नाही. बोर्डाच्या फॉर्मनंतर शाळा पूर्वयादी तपासून सही करायला सांगते, तेव्हा एकेक अक्षर जुळवून पाहा. मूल शाळेत आहे तोवर जनरल रजिस्टरमधली दुरुस्ती मुख्याध्यापक सिस्टरांच्या किंवा फादरांच्या मार्फत होते. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडल्यावर तेच काम फार जड जातं.

जातीच्या दाखल्याची गोष्ट आणखी नाजूक, आणि सभेत उघडपणे कुणी बोलत नाही. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. महाराष्ट्रात ही कुटुंबं इतर मागासवर्गात मोडतात. त्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबा ज्या मिशनच्या शाळेत शिकले तिथल्या जुन्या रजिस्टरचा उतारा इथे सोन्यासारखा. पुढे नॉन-क्रीमीलेअर आणि जात पडताळणी, म्हणजे महिने जातात. बारावीच्या निकालानंतर धावाधाव करण्यापेक्षा दहावीच्या दिवाळीच्या सुट्टीत उतारा मिळवा.

लहान वर्गांच्या पालकांनाही हे लागू आहे. आठवीतली एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षा उत्तीर्ण होऊन निवड झाली, तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि शाळा सरकारी किंवा अनुदानित हवी. आपल्या शाळेचं काय, ते कार्यालयात विचारून घ्या. चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिली की श्रेणीप्रमाणे दहावीत 3, 5 किंवा 7 वाढीव गुण मिळतात. सप्टेंबरमध्ये हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेची गडबड असते. जरूर जा, नोव्हेनाही करा. पण त्या आठवड्यातली सूचना परतल्यावर वाचायची राहू देऊ नका.

आता शाखेचं. 2025पासून अकरावीचा प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाला. ‘ओळखीने होऊन जाईल’ हे नगर जिल्ह्यातलं जुनं आश्वासन आता चालत नाही. पसंतीक्रमात दहापर्यंत महाविद्यालयं भरता येतात. दोनच भरून थांबू नका. अल्पसंख्याक संस्थेच्या कनिष्ठ महाविद्यालयात त्या समाजाच्या मुलांसाठी कोटा असतो. तो हवा असेल तर अर्जात तसं नोंदवावं लागतं आणि पुरावाही जोडावा लागतो.

गणिताची भीती असलेल्या मुलाला शेजारचा डॉक्टर होतोय म्हणून सायन्सला ढकलू नये, एवढंच म्हणेन. ज्याचा हात यंत्रावर चालतो त्याने शासकीय तंत्रनिकेतनाचा तीन वर्षांचा डिप्लोमा पाहावा. पुढे अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. शेतीत रस असेल तर राहुरीचं कृषी विद्यापीठ जवळच आहे.

आणि निकाल मनासारखा लागला नाही तर? एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, पुरवणी परीक्षाही लगेच येते. तिचे फॉर्म निकालानंतर थोड्याच दिवसांत सुटतात. त्या दिवसांत मूल कुणाशी बोलत नसतं, त्यामुळे वर्गाच्या ग्रुपवरची सूचना उघडून तारीख बघायचं काम आईवडिलांचं.