पॅच आणि त्याचा पत्ता

संगणकाच्या आज्ञावलींत चूक आढळली, तर ती सुधारणारा सबंध आज्ञावली पुन्हां पाठवीत नाहीं. कोणती ओळ काढावी व तिच्या जागीं कोणती घालावी, एवढेंच तो लिहून देतो. या टिपणास पॅच म्हणजे ठिगळ म्हणतात. तें लावणारा, ‘पॅच’ याच नांवाचा कार्यक्रम लॅरी वॉल यांनीं १९८५ सालीं प्रसिद्ध केला, व तो अद्यापि वापरांत आहे. परंतु ठिगळ उत्तम असूनहि ‘फाइल सांपडत नाहीं’ असें उत्तर येतें आणि पुढची सारी बांधणी अडते, हा अनुभव नवशिक्यास हटकून येतो. दोष बहुधा पत्त्यांत असतो.

उदाहरण घरचेंच घेऊं. पाकिटावर ‘सोलापूर, बार्शी, वैराग’ असें लिहिलें आहे. मुंबईच्या मनुष्यास तिन्ही नांवें हवींत. सोलापुरांत उभ्या असलेल्यानें पहिलें गाळावें, बार्शींतल्यानें पहिलीं दोन. बार्शींत उभें राहून कोणी बार्शीच्या पोटांत सोलापूर शोधूं लागला तर तें कसें मिळणार? यंत्र नेमकें हेंच करतें. पॅचच्या मथळ्यास दोन ओळी असतात, एक तीन वजाचिन्हांची व दुसरी तीन अधिकचिन्हांची. त्यांतील पत्ता वाचावा, आपण कोणत्या फोल्डरांत आहों तें पाहावें, आणि पुढचीं किती नांवें गाळावयाचीं तो आंकडा आज्ञेंत ‘पी’ या अक्षरापुढें लिहावा. लिनस तोरवाल्ड्स यांनीं २००५ सालीं सुरू केलेली ‘गिट’ ही व्यवस्था पत्त्याआधीं ‘ए’ व ‘बी’ हीं नांवें आपणच जोडते. तसले फोल्डर कोठेंहि नसतात. म्हणून तेथें मुळाशीं उभें राहून ‘पी१’.

आम्हीं एकदां हा आंकडा लिहिण्याचा आळस केला. आंकडा नसला म्हणजे कार्यक्रम सारी वाट सोडून शेवटचें नांव तेवढें धरतो. महाराष्ट्रांत पिंपळगांवें जशीं ठिकठिकाणीं, तशी ‘मेकफाइल’ फोल्डराफोल्डरांतून असते. आंतल्या फाइलीचें ठिगळ दारांतल्याच फाइलीस लागलें. आजूबाजूच्या ओळी सारख्या असल्यामुळें तक्रारहि उठली नाहीं, आणि चूक शोधण्यांत आमची सबंध संध्याकाळ गेली. न सांपडलेल्या फाइलीपेक्षां भलतीच सांपडलेली फाइल अधिक घातक! तेव्हांपासून आम्ही आधीं ‘ड्राय-रन’ ही जोड देऊन पाहतों. तींत फाइलीस हात न लागतां कोणती फाइल धरली जाणार तें कळतें.

आंकड्यानें पत्ता कापतां येतो, बदलतां येत नाहीं. नव्या आवृत्तींत मधल्या फोल्डराचें नांवच पालटलें असेल, तर मथळ्याच्या दोन्ही ओळींत नवें नांव हातानें घालावें. एरवी मथळ्यास हात लावूं नये. तोच पॅच उद्यां दुसऱ्याच्या यंत्रावर लागावयाचा असतो.