इस्त्री वाचवावी की ओव्हन?

प्रश्न : शास्त्रज्ञांनी सोमवारी बिनइस्त्रीचे कपडे घालायचे म्हणजे वीज वाचेल, अशी बातमी मागे वाचली होती. आधी हसू आलं, मग विचारात पडलो. राणीसावरगावात माझी छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे, कामाला दोन मुलं. ‘बंद करा, बंद करा’ म्हणून थकलो, बिल काही कमी होत नाही. सवयी बदलून खरंच काही वाचतं का? आणि लॅबमध्ये नेमकं बंद काय करायचं?
— एक वाचक, राणीसावरगाव (ता. गंगाखेड)

उत्तर : बातमी मे २०२४ मधली, सीएसआयआरबद्दलची. सीएसआयआर म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद. देशभर तिच्या ३७ प्रयोगशाळा आहेत, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा त्यांतलीच. ‘रिंकल्स अच्छे हैं’ ही मोहीम सीएसआयआरमध्ये सुरू झाल्याचं तेव्हा गाजलं. कल्पना मुंबई आयआयटीचे प्राध्यापक चेतनसिंह सोळंकी यांच्या ‘एनर्जी स्वराज’ चळवळीतली. एक जोड कपड्यांची इस्त्री टाळली तर सुमारे २०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड वाचतो, असा त्यांचा हिशेब. त्याच सुमारास प्रयोगशाळांचं वीजबिल १० टक्क्यांनी उतरवायचा बेतही जाहीर झाला होता. लोकांच्या लक्षात सुरकुत्या राहिल्या, दहा टक्के विसरले. तुम्ही मात्र त्या दहा टक्क्यांच्या मागे लागा.

कारण साधा गुणाकार आहे. हजार वॅटची इस्त्री दहा मिनिटं चालली तर युनिटचा सहावा हिस्सा जातो. दीड हजार वॅटचा हॉट एअर ओव्हन रात्रभर चालू राहिला आणि थर्मोस्टॅटमुळे हीटर तीनातला एकच भाग वेळ पेटला असं धरलं, तरी बारा तासांत सहा युनिटं. छत्तीस जणांची इस्त्री एका विसरलेल्या बटणात गेली.

लॅबमध्ये वीज खातं ते दोनच प्रकारचं काम : तापवणं आणि थंड करणं. सीबीसीचं मशीन, मायक्रोस्कोप, ट्यूबलाइट यांच्यावर डोळे वटारण्यात फार अर्थ नाही. सेंट्रीफ्यूज तर मिनिटांचा पाहुणा. ओव्हन, वॉटर बाथ, ऑटोक्लेव्ह, डिस्टिलेशन आणि एसी, यांच्याकडे पाहा. पाणी लॅबमध्येच डिस्टिल करत असाल, तर एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळून त्याची पूर्ण वाफ करायला जवळजवळ पाऊण युनिट लागतं. वर ती वाफ थंड करायला नळाचं पाणी सोडावं लागतं ते वेगळंच, आणि उन्हाळ्यात आपल्याकडे पाण्याची किंमत मी सांगायला नको. जिथं डीआयोनाइज्ड पाणी चालतं तिथं तेच वापरा, पण किटच्या माहितीपत्रकात काय लिहिलंय ते आधी वाचा.

परभणी जिल्ह्याचा उन्हाळा ही या हिशेबातली खास बाब. साधा इन्क्युबेटर फक्त तापवू शकतो. खोलीच चाळिशीत गेली, तर आत ३७ अंश राखणं त्याच्या हातात नाही. मग त्याच्यासाठी एसी लावायचा, आणि त्याच खोलीत ओव्हनही पेटवायचा! ओव्हनची उष्णता आपण एकदा पैसे देऊन निर्माण करतो आणि एसीला पैसे देऊन पुन्हा बाहेर काढायला लावतो. ओव्हन आणि ऑटोक्लेव्ह एसीच्या खोलीतून बाहेर काढा, वायरिंग तेवढं नीट करून घ्या.

एसीचं म्हणाल, तर १ जानेवारी २०२० पासून स्टार असलेल्या रूम एसीचं मूळ सेटिंग २४ अंशांचं असतं. एकेक अंश वर नेला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. तुमचा ॲनालायझर किती तापमानापर्यंत चालतो हे त्याच्या पुस्तिकेत असतं. तेवढंच द्या, अठरावर नेऊ नका.

आता बंद करायचं नाही ते. रिएजंटचा फ्रिज रात्री बंद ठेवला तर वीज वाचेल का, असं काही लॅबवाले विचारतात. नाही. आतलं तापमान २ ते ८ अंशांच्या बाहेर गेलं की किट बिघडतं, आणि एका किटच्या किमतीत फ्रिज कित्येक महिने चालतो. त्यापेक्षा मागची जाळी भिंतीपासून वीतभर दूर ठेवा आणि दाराच्या रबरात कागद अडकवून ओढून पाहा. सहज निघाला तर रबर बदला. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा. वीज गेली की त्या थंडावा धरून ठेवतात. सरकारी दवाखान्यात लशींसाठी आइस लाइन्ड रेफ्रिजरेटर असतो तो याच तत्त्वावर. दिवसात आठ तास वीज मिळाली तरी तो निभावतो.

मोठ्या संस्थांमध्ये रसायनांच्या वाफा ओढून घेणारा फ्यूम हूड असतो. त्याची काच खाली ओढण्याची स्पर्धा हार्वर्ड विद्यापीठात लावली गेली होती. हवा कमी ओढावी लागली की पंख्याचा खर्च घनाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे वेग वीस टक्के उतरवला की वीज जवळपास निम्मी. तुमच्याकडे हूड नसावा, तेव्हा ते राहू द्या. त्यांनी ओरडण्याऐवजी चढाओढ लावली, तेवढं घेण्यासारखं.

मुलं बंद का करत नाहीत, हे मला आळसाचं प्रकरण वाटत नाही. ती भितात. नेमकं मशीन बंद केलं आणि सकाळी रिपोर्ट चुकला, तर बोलणी कोण खाणार? चालू ठेवल्याबद्दल सहसा कुणी रागावत नाही. म्हणून निर्णय तुम्ही आधी घेऊन टाका. प्रत्येक यंत्रावर रंगीत चिकटपट्टी लावा : लाल म्हणजे कधीच हात लावायचा नाही, हिरवी म्हणजे काम झालं की कुणीही बंद करावं, पिवळी म्हणजे विचारून. ओव्हनवर आत काय आहे, कधी काढायचं आणि कुणाचं आहे, हे कागदावर लिहून लावा.

आणि एक आठवडा लॅब बंद करताना मीटरचं रीडिंग वहीत लिहा, सकाळी उघडताना पुन्हा. घरगुती आकाराचा चांगला फ्रिज एका रात्रीत युनिटभरसुद्धा सहसा घेत नाही. फरक तीन-चारच्या वर दिसला तर त्या रात्री काहीतरी चालू राहिलंय. कोण विसरलं ते विचारू नका, कोणतं यंत्र ते शोधा.