खोक्याची मागची बाजू

उपनगरांतल्या वाचकांचे पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. स्पीकर, इअरफोन, पॉवर बँक, कॅसेट आणि एक तक्रार, असे विषय वेगवेगळे आहेत. पण उत्तरं शोधताना मी पाचपैकी तीन वेळा एकच गोष्ट केली. वस्तू उलटी केली आणि मागची बारीक अक्षरांतली पट्टी वाचली. खोक्याच्या पुढचे मोठे आकडे विक्रीसाठी असतात. मागची पट्टी आपल्यासाठी असते.

प्रश्न : गणपतीत सोसायटीच्या आरतीसाठी नवा स्पीकर घेतला. खोक्यावर '२००० वॉट पीएमपीओ' असं छापलंय. शेजारच्या काकांचा ४० वॉटचा जुना डेक मात्र त्याहून मोठा आणि स्वच्छ वाजतो. असं कसं?
– एक वाचक, अंधेरी (पूर्व)

उत्तर : तुम्ही पाठवलेल्या फोटोत अडॅप्टरवरची पट्टी दिसते. 'आउटपुट : १२ व्होल्ट, १.५ अँपिअर.' या दोन आकड्यांचा गुणाकार करा. १८ वॉट येतात. तुमच्या स्पीकरला बॅटरी नाही, म्हणजे त्याला सतत मिळणारी वीज एवढीच. त्यातली थोडी उष्णतेत जाते, थोडी ब्लूटूथच्या चिपला आणि रंगीत दिव्यांना लागते. आवाजासाठी उरतात फार तर १५ वॉट. आतले कपॅसिटर निमिषभर जास्त वीज सोडू शकतात, त्यामुळे ढोलकीची एखादी थाप दणक्यात येते. पण आरती काही एका थापेची नसते.

पीएमपीओ म्हणजे 'पीक म्युझिक पॉवर आउटपुट'. हा आकडा कसा मोजायचा याची सर्वमान्य पद्धतच नाही, म्हणून ज्याला जो हवा तो आकडा छापता येतो. विचारायचा आकडा 'आरएमएस' वॉटचा. स्पीकर सतत किती ताकदीने वाजू शकतो, ते त्यावरून कळतं.

आता काकांच्या डेकचं. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, कानाला तो फरक किंचितच जाणवतो. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. म्हणजे वॉटच्या मागे लागण्यात फारसा अर्थ नाही. काकांच्या डेकच्या स्पीकरचे पडदे मोठे आहेत, पेटी लाकडी आणि भक्कम आहे. मोठा पडदा जास्त हवा ढकलतो, पेटी स्वतः थरथरत नाही, म्हणून आवाज भरदार येतो.

स्पीकर परत करता येत नसेल तर एवढं करा. तो जमिनीवरून उचलून माणसांच्या डोक्याच्या उंचीवर ठेवा आणि तोंड माणसांकडे करा. कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर घुमतो, आणि त्या घुमण्यात आरतीचे शब्द बुडतात.

प्रश्न : मी रोज बोरिवली–चर्चगेट प्रवास करते. नॉइज कॅन्सलेशनचे इअरफोन लावले की गाडीची घरघर नाहीशी होते, पण शेजारच्या बायकांचं बोलणं आणि क्लिपा विकणारीची हाक ऐकू येतच राहते. इअरफोन सदोष आहेत का?
– एक वाचक, बोरिवली (पश्चिम)

उत्तर : नाही, इअरफोन ठीक आहेत. या तंत्राचा स्वभावच असा आहे.

इअरफोनवरचा बारीकसा माइक बाहेरचा आवाज टिपतो आणि आतली चिप त्याची बरोबर उलटी लहर तयार करते. बाहेरच्या लहरीची भरती येते तेव्हा इअरफोनची ओहोटी येते, आणि दोन्ही एकमेकींना पुसून टाकतात. पण हे जुळायला वेळ अचूक लागते. गाडीची घरघर खालच्या पट्टीतली असते. सेकंदाला १०० कंपनं धरली तर तिची एक लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब. एवढ्या संथ लहरीबरोबर चिपला सहज पाऊल टाकता येतं. हाकेतले 'स', 'च', 'ट' हे वर्ण सेकंदाला काही हजार कंपनांचे, त्यांची लहर काही सेंटिमीटरची. चिपला किंचित उशीर झाला की जोड चुकते. शिवाय घरघर एकसारखी चालू असते, बोलणं क्षणाक्षणाला बदलतं.

'बोस' कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना या तंत्राचे हेडफोन सुचले ते १९७८ मध्ये, झुरिचहून परतताना विमानात. विमानाचा आवाजही असाच, संथ आणि अखंड.

वरच्या पट्टीतला आवाज अडवायचं काम चिपचं नाही, रबरी टोपीचं आहे. खोक्यात टोप्यांच्या तीन जोड्या येतात. बहुतेक जण मधली जोडी लावतात आणि बाकीच्या खणात टाकून विसरतात. तिन्ही लावून पाहा. दोन्ही कानांना वेगवेगळं माप लागणंही अगदी सामान्य आहे. योग्य टोपी बसली की हाक निम्म्याहून कमी होते.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १० तास. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १० तास. तुमच्यासाठी ८६ डेसिबल ही अखेरची मर्यादा झाली. साध्या इअरफोनवर गाडीच्या घरघरीच्या वर गाणं ऐकू यावं म्हणून आपण आवाज नकळत वाढवत नेतो आणि ही मर्यादा ओलांडतो. माझ्या मते नॉइज कॅन्सलेशनला जास्त पैसे मोजण्याचं खरं कारण हेच आहे. घरघर गेली की कमी आवाजातही गाणं पुरतं. बहुतेक फोनमध्ये 'हेडफोन सेफ्टी' किंवा तशाच नावाची सोय असते. तिथे मर्यादा घालून टाका.

आणि फलाटावर, दारात, रस्ता ओलांडताना इअरफोन काढून ठेवा. घरघरीबरोबर गाडीचा भोंगाही दबू शकतो.

प्रश्न : १०,००० एमएएचची पॉवर बँक घेतली. माझा फोन ५,००० एमएएचचा. हिशोबाने तो दोनदा भरायला हवा, पण जेमतेम दीड वेळाच भरतो. घाटकोपरहून मेट्रोने वर्सोव्याला जाता-येता मी रोज मोजतोय. फसवणूक झाली का?
– एक विद्यार्थी वाचक, घाटकोपर

उत्तर : इतक्या चिकाटीने मोजलंत याचं आधी कौतुक! फसवणूक झालेली नाही. पॉवर बँक उलटी करा. '१०,००० एमएएच, ३.७ व्होल्ट, ३७ वॉट-अवर' असं दिसेल, आणि त्याच्या आसपास 'रेटेड कपॅसिटी' म्हणून ६,००० च्या जवळचा एक आकडा.

आतले सेल ३.७ व्होल्टचे, बाहेर पडणारी वीज किमान ५ व्होल्टची. व्होल्ट वाढले की एमएएच कमी होतात, म्हणून वेगवेगळ्या व्होल्टच्या वस्तूंचे एमएएच एकमेकांशी ताडता येत नाहीत. ताडायचे वॉट-अवर. ३७ पैकी व्होल्ट बदलण्यात काही जातात, केबलमध्ये आणि फोन गरम होण्यात काही जातात. फोनच्या बॅटरीपर्यंत २८-२९ पोहोचतात. तुमच्या फोनची बॅटरी साधारण १९ वॉट-अवरची. भागाकार केलात तर दीडच येतो. तुमचं मोजमाप बरोबर आहे.

हाच वॉट-अवरचा आकडा विमानात विचारतात. १०० पर्यंतची पॉवर बँक हातातल्या सामानात चालते. आकडा पुसट झालेली चालेलच असं नाही, म्हणून पट्टीवर स्टिकर चिकटवू नका.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांच्या भजनी मंडळाच्या सात कॅसेट सापडल्या, १९८८च्या आसपासच्या. टेपरेकॉर्डरही आहे. दोन कॅसेटवर पांढरी बुरशी दिसते. या संगणकावर कशा उतरवू? आणि खटाटोप करण्याइतकं त्याचं मोल आहे का?
– एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. हो, आणि हे काम या पावसाळ्याच्या आत करा. विविध भारतीवरून टेप केलेली सिनेमाची गाणी आज कुठेही मिळतील. सासऱ्यांचा आवाज जगात फक्त तुमच्या त्या सात कॅसेटमध्ये आहे. घरात जे कुठेच विकत मिळत नाही, ते आधी उतरवावं.

कॅसेटची फीत चार मिलिमीटरहूनही कमी रुंदीची, आणि तिच्यावर दोन्ही बाजूंचे मिळून चार पट्टे. सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरच्या वेगाने ती हेडवरून सरकते. एवढ्याशा जागेत सगळं साठवलेलं असल्यामुळे धूळ आणि बुरशी लगेच ऐकू येते.

सगळ्यात आधी कॅसेटच्या मागच्या कडेवरचे दोन छोटे प्लॅस्टिकचे तुकडे तोडून टाका. ते नसले की चुकून लाल बटण दाबलं गेलं तरी भजनं पुसली जात नाहीत. बुरशीच्या दोन कॅसेट बाजूला ठेवा. त्या लावल्या तर बुरशी हेडवर बसेल आणि तिथून उरलेल्या पाचांवर जाईल. त्या शेवटी, जाणकाराकडूनच साफ करून घ्या.

टेपरेकॉर्डरचं हेड आणि फीत ओढणारं रबरी चाक, दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलात बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. काडी तपकिरी होईल. ती पांढरी निघेपर्यंत पुसत राहा. आवाज लहरत असेल तर आतला रबरी पट्टा सैल झालेला असतो. तो बदलून मिळतो, लॅमिंग्टन रोडला चौकशी करा. मग प्रत्येक कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, म्हणजे वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटलेले वेढे सुटतात.

आता जोडणी. लॅपटॉपच्या एकाच भोकात हेडफोन आणि माइक दोन्ही असतील, तर तिथे आवाज एकेरीच जातो. 'लाइन इन' असलेलं छोटं यूएसबी साउंड कार्ड घ्या. 'ऑडॅसिटी' हे मोफत सॉफ्टवेअर उघडा आणि भजनातला सगळ्यात मोठा आवाज, म्हणजे बहुधा टाळांचा गजर, उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही अशी पातळी लावा. वाजवताना आवाज घुसमटलेला वाटला, तर हेडशेजारचा बारीक स्क्रू अगदी थोडा फिरवून पाहा. टाळ खणखणीत ऐकू येतील तिथे थांबा. ज्या यंत्रावर भजनं टेप झाली, त्याचं हेड तुमच्या यंत्रापेक्षा थोडं तिरकं असू शकतं, म्हणून हे करावं लागतं.

मूळ प्रत एमपी३ मध्ये ठेवू नका. 'वेव्ह' किंवा 'फ्लॅक' मध्ये ठेवा. तासाभराची कॅसेट वेव्हमध्ये साधारण ६३५ एमबी होते, आजच्या मानाने ती जागा काहीच नाही. दोन प्रती घरात ठेवा, तिसरी दुसऱ्या गावी राहणाऱ्या नातेवाइकांकडे द्या. आणि फाइलच्या नावात गाणाऱ्याचं नाव, पेटीवर कोण, कुठल्या सप्ताहातलं, हे सगळं लिहा. ते ओळखणारी माणसं घरात आहेत तोवरच.

प्रश्न : ऑनलाइन घेतलेल्या इअरफोनचा उजवा कान आठ महिन्यांत बंद पडला. वॉरंटी वर्षाची. सर्व्हिस सेंटर म्हणतं, 'घामाचं पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही.' विकणारे म्हणतात, 'कंपनीकडे जा.' अठराशे रुपयांसाठी कुठे भांडत बसू?
– एक वाचक, कांदिवली

उत्तर : भांडा, कारण त्यासाठी फार काही लागत नाही. खोकं आहे ना? त्याच्या मागे 'आयपीएक्स४' असं काही लिहिलंय का पाहा. याचा अर्थ कुठल्याही बाजूने उडालेलं पाणी सोसेल, पण बुडवलं तर नाही. खोक्यावर हे छापून, जाहिरातीत व्यायाम करणारी माणसं दाखवून, नंतर घामाचं कारण देऊन दुरुस्ती नाकारणं योग्य नाही. सर्व्हिस सेंटरकडून नकाराचं कारण लेखी मागा.

मग विकणाऱ्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याच्या आत निवारण द्यायचं असतं. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. मराठीतही बोलता येतं. त्यानंतरची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, आणि उपनगर जिल्ह्याचा आयोग वांद्र्यात आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची.

एकट्याने धीर होत नसेल तर विलेपार्ल्याच्या ग्राहक भवनात मुंबई ग्राहक पंचायतीकडे जा. १९७५च्या गुढीपाडव्याला सुरू झालेल्या या संस्थेच्या उभारणीत बिंदुमाधव जोशींबरोबर संगीतकार सुधीर फडके होते. ज्यांच्या सुरांनी मराठी घरांत गीतरामायण पोहोचलं, त्यांना त्याच घरांत येणारा साबण आणि तेल चोख असावं याचीही काळजी होती. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. अठराशे रुपयांची तक्रार लहान नसते. ती कुणीच करत नाही, म्हणून पुढच्या ग्राहकालाही तेच उत्तर मिळतं.

सर्व वाचकांना एकच विनंती. नवी वस्तू घरी आली की खोकं रद्दीत टाकण्याआधी मागच्या पट्टीचा आणि बिलाचा फोटो काढून ठेवा. त्याला मिनिटभरही लागत नाही, आणि इथल्या पाचपैकी तीन प्रश्नांची उत्तरं त्या पट्टीवर आधीच छापलेली होती.