गावचा कर्णा : जोडणी आणि काळजी
(शेतकी खात्याकडून – ऊस विकास अधिकारी)



शेतकी खात्याच्या पानावर लागण, खोडवा, बेणेप्रक्रिया सोडून लाऊडस्पीकरचा विषय कशाला, असे काही सभासद विचारतील. कारण साधे आहे. गटातल्या गावांतून फिरताना देवळावर नाहीतर ग्रामपंचायतीवर कर्णे दिसतात, पण त्यांतले बरेच मुके असतात. सणावाराला मंडपवाला आपले सामान घेऊन येतो, त्यामुळे कुणाचे अडत नाही. मात्र ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत भीमेला पूर आला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सीना पात्र सोडून रानात-घरात शिरली, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. अशा रात्री लाईट जाते, मोबाईलला रेंज नसते, व्हॉट्सअॅपवरचा निरोप पोचत नाही. "जनावरे सोडा, नदीवरच्या मोटारी वर काढा" हे नदीकाठच्या वस्तीला ओरडून सांगायला कर्णाच लागतो. नेमका त्या रात्री तो बंद निघाला, तर दुरुस्तीला वेळ मिळत नाही.

कर्णे बंद पडतात ते बहुतेक वेळा चुकीच्या जोडणीने. म्हणून ती आधी समजून घेऊ.

अॅम्प्लिफायरच्या पाठीमागे स्पीकरसाठी स्क्रूची पट्टी असते. तीवर COM म्हणजे 'कॉमन', मग ४, ८, १६ ओहम आणि बहुधा ७० व्होल्ट, १०० व्होल्ट असे लिहिलेले असते. एक तार कायम कॉमनला. दुसरी बाकीच्यांपैकी कोणत्या तरी एकालाच. एक कर्णा ८ वर, दुसरा १६ वर, तिसरा १०० व्होल्टवर अशी वाटणी करायची नाही.

कर्ण्याच्या मागे जे गोल युनिट असते त्यावर ओहम आणि वॅट छापलेले असतात. समजा युनिट १६ ओहमचे आहे. एकच असेल तर तार १६ वर. दोन युनिटे एकाच तारेवर शेजारी-शेजारी, म्हणजे पॅरलल जोडली की हिशेब ८ ओहमचा होतो, तार ८ वर घ्यायची. चार जोडली की ४. इथपर्यंत ठीक. पण गावात काय होते? कोणी तरी देणगीत आणखी दोन कर्णे देतो, ते आहे त्याच तारेला पिळून लावले जातात, आणि पाठीमागचा स्क्रू कोणी बदलत नाही. ओहम ४ च्या खाली गेले की अॅम्प्लिफायर झेपेल त्यापेक्षा जास्त करंट ओढला जातो, तो तापतो, फ्यूज उडतो. मग कोणी तरी शहाणा फ्यूजच्या जागी तांब्याची तार घालतो आणि अॅम्प्लिफायर कायमचा जातो. फ्यूज उडाला म्हणजे जोडणी तपासा, एवढाच त्याचा अर्थ.

उलट बाजूही लक्षात घ्या. १०० वॅटच्या अॅम्प्लिफायरवर ४० वॅटचे एकच युनिट लावून आवाज पुरा उघडला तर युनिट जळणार. युनिटांच्या वॅटची बेरीज अॅम्प्लिफायरच्या वॅटइतकी किंवा थोडी जास्त हवी.

आता अंतराचा प्रश्न. देवळापासून नदीकाठची वस्ती ३०० मीटर लांब आहे असे धरू. जाऊन-येऊन ६०० मीटर तार झाली. १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा एवढ्या लांबीला अडथळा सुमारे ११ ओहम. कर्ण्यांचा भार ८ ओहम आणि तारेचा ११! म्हणजे तारच कर्ण्यापेक्षा जास्त खाते. १०० वॅटपैकी वस्तीवर पोचतात जेमतेम १८ वॅट. लोक म्हणतात, मशीन लहान पडते, २५० वॅटचे आणा. मशीन लहान नाही, पद्धत चुकली.

यावरचा उपाय आपल्या रानातच उभा आहे. वीज कंपनी गावापर्यंत ११,००० व्होल्टने लाईन आणते आणि डीपीवर ती उतरवून मोटारीला देते. असे का? व्होल्टेज जास्त ठेवले की तेवढ्याच कामाला करंट कमी लागतो, आणि तारेतले नुकसान करंटवर असते. कर्ण्याचेही तसेच करायचे. अॅम्प्लिफायरच्या १०० व्होल्टच्या स्क्रूवरून लाईन न्यायची आणि प्रत्येक कर्ण्याजवळ एक लहान डीपी बसवायची. तिला लाईन मॅचिंग ट्रान्सफॉर्मर, दुकानात नुसते एलएमटी म्हणतात. त्याच ३०० मीटरच्या तारेने मग ८० च्या आसपास वॅट पोचतात.

एलएमटीच्या एका बाजूला वॅटचे आकडे असतात, तिथे लाईन जोडायची. दुसऱ्या बाजूला ओहमचे, तिथे युनिट. ओहमची बेरीज-भागाकार आता विसरा, फक्त वॅट मोजा. १०० वॅटच्या मशीनवर २० वॅटचे ४ कर्णे म्हणजे ८० झाले, तिथे थांबावे. लाईनवर एलएमटी नसलेला एकही उघडा कर्णा जोडू नका, सगळी लाईन बसते. ही लाईन झटका देते हेही ध्यानात ठेवा. सांधे टेपने बंद करा, विजेच्या खांबाला बांधू नका, आणि उसाची ट्रॉली खालून जाईल एवढी उंच घ्या.

दुप्पट वॅट म्हणजे दुप्पट आवाज नव्हे. १०० चे २०० वॅट केले तर कानाला थोडाच फरक पडतो. कर्ण्याचे तोंड वस्तीकडे फिरवणे आणि तो झाडाच्या शेंड्यावर नेणे याने जास्त काम होते, आणि ते फुकट होते. एकाच दिशेच्या दोन कर्ण्यांची अधिक-उणे टोके सारखी ठेवा. उलटी झाली तर मधल्या जागी आवाज मारला जातो.

आता आवाज आत घालण्याची बाजू. माईकमधून येणारा प्रवाह अगदी बारीक, काही मिलिव्होल्टचा. मोबाईल किंवा रेडिओचा त्याच्या कितीतरी पट. म्हणून माईक MIC ला आणि मोबाईल AUX ला. मोबाईल माईकच्या भोकात घातला की आवाज फाटतो. मोबाईलच्या पिनेत डावा-उजवा असे दोन आवाज असतात. ते थेट एकत्र न पिळता प्रत्येकात १ किलोओहमचा रेझिस्टर घालून मग जोडावेत. रेडिओचे काम गावासाठी नवे नाही. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांना रेडिओभोवती बसवून ऐकण्याचा आणि ऐकलेल्यावर चर्चा करण्याचा प्रयोग केला होता. आज गावसभेत तेच करायचे तर एक पिन पुरते.

माईकची वायर जाळीची, म्हणजे शिल्डेड घ्या आणि लाईटच्या वायरीबरोबर गुंडाळू नका, गुणगुण येते. माईक कर्ण्याच्या तोंडासमोर आला की शिट्टी वाजते. कर्ण्याच्या पाठीमागे उभे राहून बोला. बेसचे बटन कमी ठेवा. कर्णा बोलण्यासाठी आहे, ढोलासाठी नाही. खालचा सूर त्यातून निघत नाही, उलट पडदा फाटतो. आणि बोलताना सावकाश. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, लांबलांबच्या दोन कर्ण्यांचे शब्द एकमेकांवर चढतात. एक वाक्य, मग थांबा.

पुराच्या रात्रीसाठी १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारेच मशीन घ्यावे, असे माझे मत आहे. ट्रॅक्टरची बॅटरी चालते. लाल अधिकला, काळी उण्याला, मध्ये फ्यूज, आणि वायर जाड व आखूड. सगळी जोडणी मशीन बंद ठेवून करावी. आवाज शून्यावर ठेवून मग चालू करावे.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ तो बंद ठेवावा लागतो. सार्वजनिक आणीबाणीला यातून सूट आहे. ती पुरासाठी आहे, वरातीसाठी नाही.

पावसाळ्यापूर्वी एकदा युनिटे मीटरने तपासावीत. मशीन बंद, युनिटच्या दोन्ही तारा सोडवलेल्या, मीटर ओहमवर. १६ ओहमचे युनिट मीटरवर थोडे कमीच दाखवते, त्याने घाबरू नका. काटा हललाच नाही तर आतली गुंडाळी तुटली आहे. अशा वेळी कर्णा न फेकता नुसता पडदा बदलून मिळतो. मात्र एलएमटी लावलेलाच ठेवून मोजले तर ट्रान्सफॉर्मरचा आकडा येतो, युनिटचा नाही, आणि चांगले युनिट खराब समजून दुकानात नेले जाते.