दारूगोळा किती दिवस पुरतो?

प्रश्न : आमच्याकडे रोज रात्री बातम्या लागल्या की वाद सुरू होतो. माझे मामा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेत. ते म्हणतात, अमेरिका-युरोपकडे पैसा उदंड, पण गोळे करायला माणूस उरलेला नाही. खरंच मोठं युद्ध पेटलं तर सहा महिन्यांत त्यांची कोठारं रिकामी होतील. माझा कॉलेजातला मुलगा म्हणतो, दोन्ही महायुद्धं जिंकली ती त्यांनीच, कारखाने पुन्हा चालू करायला असा किती वेळ लागतो? कोणाचं बरोबर? – एक वाचक, वडिवळे (नाणे मावळ)

उत्तर : बरोबर दोघांचंही आहे. फक्त मामांचं आधी खरं ठरेल आणि मुलाचं नंतर. मधला काळ कसा निघतो, यावर सगळं अवलंबून.

मामांपासून सुरुवात करू, कारण त्यांनी ते काम हातानं केलं आहे. युक्रेनवर रशियानं फेब्रुवारी 2022 मध्ये हल्ला केला, तेव्हा अमेरिकेत 155 मिलिमीटरचे तोफगोळे महिन्याला सुमारे 14 हजार बनत होते. युक्रेनच्या तोफा तेव्हा दिवसाला काही हजार गोळे उडवत होत्या. पाच हजार धरले, तर जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाचं महिन्याचं उत्पादन तीन दिवसांत संपलं. युरोपीय संघानं मार्च 2023 मध्ये मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं की, वर्षभरात दहा लाख गोळे देऊ. वर्ष संपलं तेव्हा निम्म्याच्या आसपास पोचले होते. पैसे मंजूर होते, इच्छाही होती. अडलं ते गोळा बनवण्यात.

हा गोळा म्हणजे तांदळाच्या कट्ट्याएवढ्या वजनाचा, साधारण पंचेचाळीस किलोंचा पोलादी ऐवज. पोलादाचा ठोकळा लालबुंद तापवायचा, प्रेसखाली दाबून आतून पोकळ करायचा, ओढून लांबवायचा, तोंड निमुळतं करायचं, मग उष्णोपचार, मग लेथवर बाहेरून-आतून कापणी, बुडाशी तांब्याचा पट्टा. इथवर कुठलाही चांगला फोर्जिंगवाला जमवून नेईल. भोसरी-चाकणला अशा कामाचे जाणकार कमी नाहीत. खरी मेख भरणीत. टीएनटी ऐंशी अंशांना वितळतं, ते ओतायचं आणि अगदी हळूहळू थंड होऊ द्यायचं. घाई केली की आत पोकळी राहते, आणि पोकळी राहिलेला गोळा तोफेच्या नळीतच फुटू शकतो. म्हणून प्रत्येक गोळ्याची क्ष-किरण तपासणी. इथे तीन शिफ्ट लावून किंवा ओव्हरटाइम देऊन थंड व्हायचा वेळ कमी करता येत नाही.

आता हे टीएनटी आणायचं कुठून? अमेरिकेनं ते बनवणं 1986 मध्येच थांबवलं होतं. प्रदूषण फार, आणि परदेशातून स्वस्तात मिळत होतं. युरोपात मोठा कारखाना उरला होता पोलंडमधल्या बिडगोश्चचा. नोव्हेंबर 2024 मध्ये अमेरिकेनं केंटकीत नव्यानं टीएनटी कारखाना उभारायचं कंत्राट दिलं, म्हणजे युद्ध सुरू होऊन पावणेतीन वर्षं झाल्यावर.

गोळा तोफेतून फेकणाऱ्या दारूची गोष्ट तर आपल्या विदर्भातल्या शेतकऱ्यालाही पटकन समजेल. त्या दारूचा पाया म्हणजे नायट्रोसेल्युलोज, आणि ते होतं कापसापासून. जिनिंगमध्ये रुई निघून गेली तरी सरकीला आखूड तंतूंचं तूस चिकटून राहतं. तेलगिरणीत सरकी गाळण्याआधी ते खरवडून काढतात, त्याला लिंटर म्हणतात. युरोपच्या तोफा ज्या लिंटरवर चालतात, त्याचा मोठा हिस्सा चीनमधून येतो. ज्याच्याशी उद्या बिनसू शकतं, त्याच्याच सरकीवर तोफखाना उभा! ऱ्हाईनमेटालसारख्या जर्मन कंपनीच्या प्रमुखांनीच याबद्दल जाहीरपणे चिंता व्यक्त केली आहे.

हे असं का झालं, याचं उत्तर मूर्खपणा हे नाही. शांततेच्या काळात सरकार वर्षाला ठरावीक गोळे घेतं, आणि खासगी कंपनी तेवढीच यंत्रं ठेवते. रिकामं उभं असलेलं लेथ म्हणजे भागधारकाच्या दृष्टीनं गुन्हा. तीस वर्षं हाच हिशेब चालला. स्टिंगर क्षेपणास्त्रांची मागणी 2022 नंतर अचानक वाढली, तेव्हा ती बनवणाऱ्या रेथिऑनला सत्तरीतल्या निवृत्त कामगारांना परत बोलवावं लागलं, कारण ती कशी जुळवायची हे नव्या मुलांना ठाऊक नव्हतं. तुमच्या मामांनी ही बातमी वाचली असेल तर ते गालातल्या गालात हसले असतील.

मुलाची बाजूही कच्ची नाही. ब्रिटनमध्ये 1915 च्या वसंतात अगदी हेच घडलं होतं. आघाडीवर गोळे संपले, वर्तमानपत्रांनी बोंब मारली, सरकार हललं. लॉइड जॉर्ज यांच्याकडे नवं दारूगोळा खातं आलं, लाखो बायका कारखान्यांत आल्या, आणि पुढच्या वर्षी सोमच्या लढाईत तोफा दिवसेंदिवस थांबल्या नाहीत. (त्यातले बरेच गोळे फुटलेच नाहीत, ही घाईची किंमत.) दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं सुमारे 2,700 लिबर्टी जहाजं चार-साडेचार वर्षांत पाण्यात सोडली. खडकीचा उच्च स्फोटकांचा कारखानाही 1940 चा, त्याच धांदलीतला. आजही ठरवलं तर होतं: जर्मनीत उंटरल्युस इथं फेब्रुवारी 2024 मध्ये पायाभरणी झाली आणि ऑगस्ट 2025 मध्ये ऱ्हाईनमेटालचा नवा गोळा-कारखाना उघडला. 2027 पर्यंत वर्षाला साडेतीन लाखांचं त्यांचं लक्ष्य आहे. अमेरिकेचं उत्पादनही 2025 च्या मध्यापर्यंत महिन्याला चाळीस हजारांच्या घरात गेलं. ठरवलं होतं एक लाख, ते सोडा.

पण मुलाला एक गोष्ट विचारा. 1942 मधली अमेरिका जगाचा कारखाना होती. आज तो मान कोणाकडे आहे? व्यापारी जहाजं बांधण्यात चीनचा वाटा निम्म्याहून जास्त, अमेरिकेचा एक टक्कासुद्धा नाही. आणि सुट्या भागांचं तर विचारूच नका. एप्रिल 2025 मध्ये चीननं दुर्मिळ मृदा धातूंच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तर त्याचा फटका आपल्या शेजारी आकुर्डीपर्यंत आला. बजाजला विजेवरच्या चेतकचं उत्पादन घटवावं लागलं. स्कूटर थांबली तर लोक पेट्रोलची घेतात. क्षेपणास्त्राच्या मोटरीत तेच चुंबक लागतं, आणि तिथे पेट्रोलचा पर्याय नसतो.

तुम्ही वडिवळ्याचे, म्हणून एक लढाई सांगितल्याशिवाय राहवत नाही. पाश्चात्त्य फौज मावळात पुरवठ्याअभावी अडकली, त्याला आता अडीचशे वर्षं होत आली. ईस्ट इंडिया कंपनीची मुंबईची फौज राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवायला निघाली आणि 1778 च्या अखेरीस बोरघाट चढून वर आली. लढवय्ये चार हजारांच्या आत, आणि सामान ओढायला एकोणीस हजारांवर बैल, असं ग्रँट डफ लिहितो. वेग दिवसाला जेमतेम मैलभर. कार्ल्याजवळ 4 जानेवारी 1779 ला त्यांचा सर्वांत धडाडीचा अधिकारी कॅप्टन स्ट्युअर्ट पडला. तोच आपला इष्टुर फाकडा. महादजी शिंद्यांनी समोरासमोर मोठी झुंज घेतलीच नाही. वाटेवरची गावं, चारा, धान्य जाळून टाकलं. 9 जानेवारीला इंग्रज तळेगावला पोचले तर गाव पेटवलेलं, खायला काही नाही. दोन दिवसांनी जड तोफा तळ्यात ढकलून, साठा जाळून ते रात्रीच मागे फिरले आणि वडगावला चारी बाजूंनी कोंडले गेले. 16 जानेवारीला त्यांनी वडगावच्या तहावर सह्या केल्या. साष्टी परत, राघोबा हवाली.

इथवरची गोष्ट आपण अभिमानानं सांगतो, सांगावीच. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर पुढे आहे. कलकत्त्याच्या वॉरन हेस्टिंग्जनं तो तह मानलाच नाही. बंगालहून निघालेली गॉडर्डची दुसरी फौज हिंदुस्थान आडवा पार करून सुरतेला येऊन ठेपली होती. गॉडर्डनं 1780 मध्ये वसई घेतली, 1781 मध्ये पुन्हा बोरघाटाशी आला आणि पुन्हा मार खाऊन मागे गेला. तरी कंपनी उभी राहिली, कारण तिच्यामागे बंगालचा महसूल होता. तोही पुरेना, तेव्हा हेस्टिंग्जनं बनारसच्या चैतसिंगाला आणि अवधच्या बेगमांना पिळून काढलं. 1782 च्या सालबाईच्या तहात साष्टी अखेर कंपनीकडेच राहिली. मावळात हरलेल्यांना सावरायला तीन वर्षं मिळाली, आणि ती कोणाच्या तरी पैशावर मिळाली. उद्या मोठं युद्ध पेटलं तर पाश्चात्त्यांना ती तीन वर्षं कोण देणार, हे मला दिसत नाही. आत्ता ती युक्रेन देतो आहे, स्वतःची माणसं घालवून.

कारखान्यांचं झालं. लढायला माणसं देणाऱ्या समाजाचा भाग उरला, आणि त्याबद्दल टीव्हीवर जे ऐकू येतं ते मला अर्धवट वाटतं. “तिकडची पोरं ऐषारामी, लढणार नाहीत” असं आपण सर्रास म्हणतो. ब्रिटनचं नियमित लष्कर पंचाहत्तर हजारांच्या आत आलं आहे, नेपोलियनच्या काळानंतरचं सर्वांत लहान. जर्मनीनं सक्तीची भरती 2011 मध्ये थांबवली आणि 2026 पासून अठरा वर्षांच्या मुलांना प्रश्नावली पाठवायला सुरुवात केली, हे सगळं खरं आहे. पण त्याच युरोपात फिनलंडही आहे. लोकसंख्या छप्पन लाख, युद्धकाळात उभी राहणारी फौज दोन लाख ऐंशी हजारांची, आणि जवळजवळ अठ्ठेचाळीस लाख लोकांना पुरतील एवढे आसरे तयार. त्यांनी सक्तीची भरती कधी थांबवलीच नाही, कारण सीमेपलीकडे रशिया आहे हे ते विसरले नाहीत. स्वीडननं थांबवलेली भरती 2017 मध्ये परत आणायचं ठरवलं. धोका जितका जवळ, तितका समाज तयार. पोर्तुगालच्या किंवा आयर्लंडच्या माणसाकडून तीच तयारी मागण्यात अर्थ नाही.

आणि लढायला निघालेला समाजसुद्धा आपली तरुण पोरं जपून वापरतो. युक्रेनवर घाव पडत असतानाही सक्तीच्या भरतीचं किमान वय 27 वरून 25 वर आणायला त्यांना एप्रिल 2024 उजाडला. रशियासारखा हुकूमशाही कारभारही 2022 च्या एका भरतीनंतर सावध झाला आणि मोठ्या रकमा देऊन माणसं गोळा करू लागला. त्यामुळे लोकशाही देश कच खातील आणि बाकीचे नाही, असा निष्कर्ष काढायची घाई नको. नाटोच्या देशांनी जून 2025 मध्ये हेगला 2035 पर्यंत उत्पन्नाच्या पाच टक्के संरक्षणावर खर्चायचं मान्य केलं. तो पैसा पेन्शनमधून, दवाखान्यांमधून जाणार की कर्जातून, यावर त्यांच्या निवडणुका लढल्या जातील. तिकडच्या समाजाची कसोटी मला खंदकापेक्षा तिथे जास्त दिसते.

तर सहा महिन्यांचा मामांचा आकडा मी सरसकट मान्य करणार नाही. काही महागड्या क्षेपणास्त्रांचे साठे त्याहूनही आधी आटतील, तोफगोळे कसेबसे चालतील, विमानं आणि पाणबुड्या कितीतरी जास्त काळ टिकतील. पण संपलेलं भरून काढायला दोन ते तीन वर्षं लागतात, त्या अर्थी मामांचं मूळ म्हणणं अचूक आहे.

आणि आपलीही कहाणी फार वेगळी नाही. मामांना आणखी एक विचारा, कारगिलच्या वेळी त्यांच्या कारखान्यात कशा शिफ्ट चालल्या. 1999 च्या त्या मर्यादित युद्धात आपल्या तोफखान्यानं सुमारे अडीच लाख गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं उडवली, आणि तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल मलिक यांना सांगावं लागलं होतं की, जे हाताशी आहे त्यावर लढू. पुढे कॅगनं 2015 मध्ये संसदेपुढे ठेवलेल्या अहवालात दारूगोळ्याच्या 170 प्रकारांची तपासणी होती. चाळीस दिवस पुरेल एवढा साठा असायला हवा, असा नियम. निम्मे प्रकार दहा दिवससुद्धा पुरणारे नव्हते. 2017 च्या अहवालात 152 पैकी 61 प्रकार तसेच होते.